परीख पुलाखालचं पाणी फोनला कसं कळणार?

"ताई, नमस्कार. मी न्यू शाहूपुरीत राहतो. साखर कारखान्यात कारकून होतो, आता निवृत्त आहे. धाकटी मुलगी २६ वर्षांची. तीन वर्षांमागं मोटरसायकलवरून पडली, मणक्याला मार बसला, तेव्हापासून कमरेखाली ताकद नाही. व्हीलचेअर स्वतःची स्वतः ढकलते, हाताला जोर चांगला आहे. आता राजारामपुरीत एका कर सल्लागाराकडे तिला काम लागलंय. आजवर मी सोडतो, मी आणतो. पण महिनाभर तिनं धोशा लावलाय, 'पप्पा, मी एकटी जातो.' थोरल्यानं पुण्याहून नवा मोबाइल पाठवला आणि सांगितलं, त्यात व्हीलचेअरचा रस्ता दाखवणारं ॲप असतं. एका रविवारी आम्ही दोघं ते लावून निघालो. त्यानं आम्हाला थेट परीख पुलाखाली नेलं. आदल्या रात्री पाऊस झालेला, खाली घोट्याच्या वर पाणी. मागनं गाड्या हॉर्न मारायल्या. मला राग आला, मोबाइल तिच्या हातातून काढून खिशात घातला आणि खुर्ची उलटी फिरवली. घरी येईपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही. ताई, तुम्ही स्वतः खुर्चीवर असता म्हणून विचारतो, चांगलं ॲप कुठलं? आणि खरं विचारायचं ते असं, की तिला नको जाऊ म्हणून सांगू का? – एक बाप, कोल्हापूर"

दादा, नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकीचं पत्र तुम्ही त्या एका वाक्यासाठी लिहिलंय. 'नको जाऊ' म्हणू नका. २६ वर्षांची कमावती पोरगी महिनाभर तुम्हाला सांगत राहिली, ही तुमच्यावरची माया आहे. माझ्या वेळी मी घरात विचारलंच नव्हतं. आई देवळातून यायच्या आत चौकापर्यंत जाऊन आले होते, आणि येताना चाक गटारीच्या जाळीत अडकलं तेव्हा ज्याला हाक मारली तो नेमका वडिलांचा मित्र निघाला.

ती 'मी जातो' म्हणते, हे वाचून हसू आलं. आपल्याकडच्या पोरी अशाच बोलतात. मीही घरात 'आलो, गेलो' करते, इथं छापताना संपादक 'आले, गेले' करून घेतात.

आता ॲप. फोननं तुम्हाला परीख पुलाखाली नेलं म्हणून तो तुम्हाला खोटारडा वाटला असेल. पण त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. नकाशात 'चालत' असं निवडलं की तो दोन धड पायांचा माणूस धरतो, आणि न्यू शाहूपुरीतून राजारामपुरीत जायला अशा माणसाला रेल्वेच्या पलीकडं जाण्याची जवळची वाट पुलाखालूनच आहे. त्याच्या लेखी रस्ता म्हणजे एक रेघ. त्या रेघेला चढ किती, कडेला पायरी किती उंच, फरशी उखडलीय का, हे सगळं जोडता येतं, तशी सोय आहे. पण ते कुणीतरी जागेवर जाऊन भरावं लागतं. अमेरिकेत सिएटलला विद्यापीठातल्या लोकांनी असा नकाशा केलाय. तुम्ही सांगायचं, मला इतकाच चढ झेपतो, आणि तो त्या हिशेबानं वाट बदलून देतो. आपल्या शहराच्या रेघांमागं असलं कुणी भरलेलं नाही. आणि काल रात्रीच्या पावसाचं पाणी तर सिएटललाही भरत नसतील.

दुसरी गोष्ट. मोकळ्या आभाळाखाली फोनला स्वतःची जागा साधारण पाच मीटरच्या अंदाजानं कळते, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मजली घरं असली की त्याहून वाईट. चालणाऱ्याला पाच मीटरनं काही बिघडत नाही, तो दुभाजकावरून टांग टाकून पलीकडं जातो. आपल्याला रस्त्याची डावी बाजू आणि उजवी बाजू म्हणजे दोन गावं. दुभाजक कुठं तुटलाय ते चुकलं की पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत यायचं. फोन तुम्हाला 'पोहोचलात' म्हणतो तेव्हा दुकान समोर असतं, पण रस्त्याच्या पलीकडं.

मग थोरला ज्या ॲपबद्दल सांगतो ते असतं कुठं? असतं. गूगल मॅप्सनं २०१८ मध्ये बस आणि रेल्वेच्या मार्गांत व्हीलचेअरचा पर्याय दिला, पहिल्यांदा सहा शहरांत: लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, मेक्सिको सिटी, बोस्टन आणि सिडनी. ही नावं पाहिलीत की लक्षात येईल. लंडनच्या रोजच्या सिटी बसला रॅम्प असतो. ड्रायव्हरनं बटण दाबलं की फळी बाहेर येते. तिथं फोनचं काम एवढंच, की कुठल्या स्टेशनची लिफ्ट आज बंद आहे ते सांगायचं. आधी फळी आली, मग ॲप. आपल्याकडं फळी यायच्या आधी ॲप आलं, त्याला बिचारं ॲप काय करणार.

बसचं वेळापत्रक फोनला कळावं म्हणून जगभर एक ठरावीक साच्याची फाइल वापरतात. त्यात प्रत्येक थांब्यापुढं व्हीलचेअरसाठी एक रकाना असतो. १ म्हणजे चढता येतं, २ म्हणजे चढता येत नाही, आणि ० किंवा रिकामा म्हणजे माहिती नाही. तुम्ही कारकुनी केलीय, रिकाम्या रकान्याची तुम्हाला चीड असेल. मला तर आहेच. '२' लिहिलेलं मी सोसलं असतं. त्याचा अर्थ कुणीतरी येऊन बघून गेलं.

म्हणून 'चांगलं ॲप कुठलं' याला माझं उत्तर असं आहे, की कोल्हापूरपुरतं ते तुमच्या मुलीलाच भरावं लागेल. हे ऐकून ती खूश होईल, तुम्ही थकाल. पण वाटतं तितकं ते अवघड नाही.

व्हीलमॅप नावाचा एक नकाशा आहे, बर्लिनमधल्या लोकांनी २०१० मध्ये सुरू केलेला. सुरू करणारा राउल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअरवरचा. तो आणि त्याचा मित्र भेटायचे ते नेहमी एकाच कॅफेत, कारण दुसऱ्या कुठल्या कॅफेत खुर्ची आत जाते ते माहीतच नव्हतं. त्या कंटाळ्यातून नकाशा निघाला. हिरवा, पिवळा, तांबडा असे सिग्नलचेच रंग. पायरी नसेल आणि आत सगळीकडं फिरता येत असेल तर हिरवा. दारात एकच पायरी, तीही सात सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे पावणेतीन इंच, तर पिवळा. त्याहून उंच असेल तर तांबडा. जगात कुणीही कुठलंही दुकान रंगवू शकतं. राजारामपुरीच्या मेन रोडवर एक रविवार सकाळ फिरून तिनं तीस दुकानं रंगवली, तर तीस दुकानांपुरतं तिचं ॲप तयार. गूगलच्या नकाशातही दुकानाच्या माहितीत व्हीलचेअरची खूण असते: दार, बसायची जागा, स्वच्छतागृह, पार्किंग, असं वेगवेगळं. ती खूणही आपल्याला सुचवता येते.

फक्त एक ऐका. दुसऱ्यानं केलेल्या खुणेवर विसंबून घरातून निघू नका. बऱ्याचदा ती खूण दुकानदारानं स्वतः केलेली असते आणि पायरी त्याला पायरी वाटतच नाही, कारण रोज तिच्यावर पाय ठेवून तो वर जातो. दोन वर्षांमागं एका हॉटेलाच्या नावापुढं खुर्चीचं चिन्ह बघून मी मैत्रिणीला घेऊन गेले. दारात चार पायऱ्या. पोऱ्या म्हणाला, "रॅम्प हाय की, मागनं." मागं खरंच रॅम्प होता, गॅसच्या सिलिंडरची ढकलगाडी चढवायला केलेला. दोघांनी मला त्या वाटेनं चढवलं, भटारखान्यातून, कांद्याच्या पोत्याच्या बाजूनं. मिसळ चांगली होती, हेही सांगितलं पाहिजे. तेव्हापासून मी खूण बघत नाही, फोटो बघते. लोक दुकानाचे, लग्नाच्या हॉलचे, दवाखान्याचे फोटो टाकतात, आणि त्यांना कल्पना नसते, पण फोटोच्या खालच्या कडेला पायऱ्या दिसतात. मोजून घ्यायच्या. फोटोत दार दिसत नसेल तर सरळ फोन लावायचा आणि 'व्हीलचेअर येते का' असं विचारायचं नाही, कारण त्याला उत्तर नेहमी 'या की, काय अडचण नाही' असंच येतं. 'दारात पायऱ्या किती?' असं विचारायचं. मग तो मान वळवून बघतो.

रॅम्प असेल तर तो मोजायचा. यासाठी फोनात गवंड्याची पाणसळ असते, म्हणजे लेव्हल दाखवणारं साधं ॲप, फुकट. फोन रॅम्पवर आडवा ठेवला की अंश दिसतात. नियमातला रॅम्प एकास बारा, म्हणजे पाच अंशांच्या किंचित आत. सोप्या भाषेत, इंचाला एक फूट. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फुटांची उतरण हवी. आपल्याकडं सहा इंचांना दोन फुटांची घसरगुंडी करतात आणि उद्घाटनाला नारळ फोडतात. फोननं दहा अंश दाखवले तर कुणीतरी मागं असल्याशिवाय चढायचं नाही, पंधरा दाखवले तर कुणी मागं असलं तरी नाही. उतरताना तर अजून सांभाळायचं. हे आकडे तिला सांगा, तुम्हीही लक्षात ठेवा. 'झेपेल का गं?' या प्रश्नावर बाप-लेक भांडतात. 'किती अंश?' यावर भांडण होत नाही.

आता तुमच्या रस्त्याकडं येते. इथं मी तिच्या बाजूनं नाही, हे तिला वाचून दाखवा.

रोज दोन्ही वेळा तो सगळा रस्ता हातानं खुर्ची ढकलत जाणं, तेही रहदारीतून, मला पटत नाही. फूटपाथवर हातगाड्या आणि दुचाक्या, म्हणून खुर्ची रस्त्याच्या कडेनं चालवायची, आणि मागून येणारा रिक्षावाला किंवा केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, ड्रायव्हर आपल्याला बघणार कमरेच्या उंचीवर. हट्ट एकदा पुरवायला ठीक. पण खांदे आयुष्यभर पुरवायचे आहेत. आपले खांदे हेच आता आपले पाय, ते चाळिशीत गेले तर पलंगावरून खुर्चीत यायलाही माणूस लागतो. त्यामुळं एकटी जाणं आणि खुर्ची ढकलत जाणं या दोन गोष्टी वेगळ्या करा. तिला एकटी जायचंय. ढकलतच जायचंय असं तुम्ही लिहिलेलं नाही.

बाजूला जास्तीची चाकं लावलेली स्कूटर हा पहिला विचार करा. सगळे कंट्रोल हातात, त्यासाठी आरटीओत वेगळं लायसन्स मिळतं, आणि स्कूटर असली की परीख पूल सोडून मोठ्या वळशानं जाणं म्हणजे दहा मिनिटांचा प्रश्न. अपघातानंतर पुन्हा दुचाकीवर बसणं तिला नको वाटेल, तसं असेल तर दामटू नका. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या एका कंपनीनं खुर्चीच्या पुढं जोडायचं बॅटरीचं चाकही काढलंय, निओबोल्ट म्हणतात. जोडलं की खुर्चीचीच तीनचाकी होते. महाग आहे, पण कुणाकडं असेल तर बसून बघायला हरकत नाही.

हे काही जमेपर्यंत रिक्षा. आणि रिक्षासाठी ॲपपेक्षा तुमच्या फोनमधले तीन नंबर मोलाचे. आपल्याकडं रिक्षा नटवायचा नाद असलेली माणसं आहेत, गाडीच्या आरशाला गोंडा लावणारा माणूस खुर्ची कशी धरायची ते दोन दिवसांत शिकतो. घराजवळच्या स्टँडवर तुम्ही स्वतः जा, पण बोलू तिला द्या. घडीची खुर्ची असेल तर चाकं काढता येतात का बघा, मागच्या जागेत नीट बसते. ठरलेला मामा, ठरलेली वेळ, आणि तो नसेल तर दुसरा, तिसरा. पावसाळ्यात परीख पुलाखाली पाणी आहे की नाही हे सांगणारं ॲप मला आजवर मिळालं नाही, स्टँडवरचे मामा मात्र फोनवर अर्ध्या मिनिटात सांगतात.

आणि एक युक्ती, जी मला कळायला सहा वर्षं लागली. ऑफिसात दुसरी खुर्ची ठेवा. जुनी, वापरलेली, साधी चालेल. रोज रिक्षात खुर्ची चढवा-उतरवा हा खेळच संपतो, आणि रिक्षावाल्याला फक्त तुमच्या मुलीला उतरायला हात द्यायचा राहतो. कर सल्लागार साहेबांच्या ऑफिसात फायलींच्या गठ्ठ्याशेजारी एका खुर्चीला जागा मिळेल.

केएमटीचं म्हणाल तर जुन्या उंच पायऱ्यांच्या बसमध्ये खुर्चीनिशी चढण्याचा विचार तूर्त सोडा. शहर बससाठी केंद्रानं ठरवलेल्या मोजमापात लो-फ्लोअर म्हणजे जमिनीपासून ४०० मिलिमीटरवर फरशी, आणि थांब्याचा कट्टा नीट असेल तर तिथं छोटी फळी पुरते. पीएम ई-बस योजनेत कोल्हापूरचं नाव आहे. त्या गाड्या रस्त्यावर आल्या की तुमच्या पोरीनं टेप घेऊन दाराची उंची मोजावी आणि फोटोसकट केएमटीच्या कार्यालयात लेखी द्यावी. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण सवलतीनं पायऱ्या कमी होत नाहीत. पुण्याला थोरल्याकडं जायचं झालं तर मी रेल्वे सुचवेन. स्वावलंबन पोर्टलवरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा, पुढं सगळीकडं तेच विचारतात.

आता तुमच्या दोघांच्यातलं.

तुम्ही मोबाइल तिच्या हातातून काढून घेतलात. राग पाण्याचा होता, मला कळतंय. पण दादा, खुर्चीवरच्या माणसाच्या हातातला फोन घेणं म्हणजे चालणाऱ्याचे डोळे बांधणं. आणि न विचारता खुर्ची फिरवणं तर त्याहून वाईट. मला एकदा एका भल्या माणसानं न विचारता रस्ता ओलांडून दिला होता. मला ओलांडायचा नव्हता. ती गप्प बसली ती याच्यासाठी, परीख पुलासाठी नव्हे. जमलं तर तेवढं एक वाक्य तिला बोला.

मग रविवारी पुन्हा निघा. सकाळी सातला, रहदारी उठायच्या आत. ती पुढं, तुम्ही वीस पावलं मागं, आणि तिनं मागं वळून बोलावल्याशिवाय जवळ जायचं नाही. फोन मांडीवर ठेवू नका, पहिल्या खड्ड्याला पडतो. हातावर घट्ट बसणारा होल्डर आणि दोरी, दोन्ही. पावसात ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, म्हणून प्लास्टिकची पिशवी आणि आवाजावर चालणारी सोय सुरू. जिथं अडेल तिथं तिनं नकाशात टाचणी टोचावी आणि मराठीत नाव द्यावं: 'इथं जाळी', 'इथं दुभाजक तुटलाय', 'इथं उतार बरा', 'इथला पानवाला मदत करतो'. गूगलच्या माय मॅप्समध्ये संगणकावर स्वतःची वाट आखून ठेवता येते. गूगलचा नेहमीचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला की रेंज गेली तरी दिसतो. अशा चार-पाच फेऱ्यांनंतर तिच्या हातात जे असेल ते थोरल्यानं पाठवलेल्या कुठल्याही ॲपपेक्षा खरं असेल. नोंद फक्त अडचणींची करू नका. मदत करणारा पानवाला कुठल्याच कंपनीच्या नकाशात नसतो.

एकटी निघेल त्या दिवशी व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवायला सांगा. त्यात १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय येतात. १ तास निवडायचा. आठ तास निवडू नका, पोरगी कामाला गेलीय, पॅरोलवर नाही. तो ठिपका बघत तुम्ही घरी चहा प्या. ठिपका चौकात थांबला तर लगेच फोन लावायचा नाही. ती वाहन जायची वाट बघत असेल, आणि रस्त्याच्या मध्यावर वाजणारा तुमचा फोन हाच अपघाताला कारण होईल. मध्येच पाच मिनिटांच्या वर थांबला तर एक मेसेज टाका. उत्तर नाही आलं तर मग फोन. आणि तिच्या फोनमध्ये ११२ एका बोटावर असू द्या, एवढं पुरे.

वहिनींना पुढचा भाग वाचायला द्या, किंवा मुलीलाच.

रस्त्याची चर्चा सगळे करतात, स्वच्छतागृहाची कुणी करत नाही. खुर्चीवरच्या बायका कामाला जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. मीही वर्षभर तसंच केलं आणि लघवीच्या संसर्गानं आठ दिवस दवाखान्यात पडले. मणक्याच्या दुखापतीत हा संसर्ग अंगावर काढायची गोष्ट नाही. ऑफिसातल्या स्वच्छतागृहाचं दार किती रुंद, खुर्ची किती रुंद, हे कामावर जायच्या आधी टेपनं मोजायचं. खुर्ची साधारण पंचवीस इंच आणि दार चोवीस असा एका इंचानं जीव जातो. दाराची फ्रेम बदलणं हे सुताराचं एका दिवसाचं काम आहे, साहेबांना सांगायला लाजायचं नाही. वाटेत, गावात कुठं स्वच्छ आणि खुर्ची जाईल असं स्वच्छतागृह सापडलं की त्याची टाचणी सगळ्यात आधी टोचायची. माझ्या नकाशात अशी अख्ख्या शहरात सात ठिकाणं आहेत, त्यातली दोन दवाखान्यांत.

फोनचा अजून एक उपयोग आहे, जो थोरल्याला सुचला नसेल. गजर. दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बसल्या जागी उचलायचं, म्हणजे कमरेखाली जखमा होत नाहीत. खाली संवेदना नसते, जखम झालेली कळत नाही, आणि कामात बुडालं की वीस मिनिटांचे दोन तास होतात. आवाज नको, नुसता थरथरणारा गजर. पाणी पिण्याचा वेगळा, मोकळं व्हायला जाण्याचा वेगळा. तीन वर्षं झाली म्हणजे तिला हे ठाऊक असणारच. ठाऊक असणं आणि मार्च महिन्यात रिटर्न भरताना आठवणं यांत फरक आहे.

तक्रारींबद्दल थोडं. सुगम्य भारत नावाचं सरकारी ॲप २०२१ मध्ये आलं, मराठीतही आहे. रॅम्प नसलेल्या सार्वजनिक इमारतीचा फोटो काढून त्यावर टाकता येतो. टाका. पण त्यावरच थांबू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात रस्ते, इमारती, वाहनं सुगम्य करायचं कलम आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की याचे नियम नुसत्या शिफारशींसारखे ठेवून चालणार नाही, सक्तीचे हवेत. महानगरपालिकेला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. तेव्हा अर्ज करताना 'कृपया रॅम्प द्यावा' असं लिहू नका. तुम्ही कारकून माणूस, तुम्हाला अर्ज लिहायला मी काय शिकवणार: जागा, पायरीची उंची, फोटो, तारीख, कलम, निधी. पोच घ्यायची. मुलीनं टोचलेल्या टाचण्या या कामाला येतील. तोंडी 'फार त्रास होतो हो' याला उत्तर 'बघू' असतं, तीस फोटोंच्या यादीला आवक क्रमांक द्यावा लागतो.

आपलं गाव या बाबतीत अडाणी नाही, हेही तिला सांगा. नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर असताना इथं कोल्हापुरात १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. तेव्हा फोनला वायर होती आणि तो शेजाऱ्यांच्या घरी असायचा. उचगावला संस्थेचं वसतिगृह आहे. खुर्चीवर राहून घर, नोकरी, संसार सगळं केलेली माणसं तिला तिथं भेटतील. खुर्चीची दुरुस्ती, बसायची गादी, उतरायची-चढायची पद्धत, असलं शहाणपण ॲपमध्ये शोधण्यापेक्षा एक दुपार तिथं गप्पा मारत बसावी. तुम्ही बाहेर थांबा.

राहता राहिली ऑफिसची पायरी. तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत, पण राजारामपुरीतल्या त्या ऑफिसच्या दारात काय आहे ते लिहिलं नाही, म्हणजे आजवर तुम्ही तिला मागनं उचलून आत ढकलत असणार. तिला मोजू द्या आणि मला कळवा. तीन इंचांपर्यंत असेल तर माझ्याकडं तीन फुटांची एक सागवानी फळी जिन्याखाली पडून आहे, खालून रबर मारलेलं. चांगली आहे, येऊन घेऊन जा. त्याहून जास्त असेल तर सुताराचा नंबर देते.